पट्ट्याभोवतीची जाळी

आश्विन शु. ५
म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कौलांच्या कारखान्यात मिस्त्री म्हणून लागल्यापासून चिखल वाहून नेणारा पट्टा डोळ्यांत सलत होता. दोन्ही टोकांचे रूळ उघडे. आज एकदाची भोवती तारेची जाळी बसली. दाराला कडी. पट्टा चालू, तर दार बंद. दादा, माझा थोरला भाऊ, पट्ट्यावर चिखल टाकतो. सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे, आत वाघ कोंडलायस का?" हसले सगळे. हसोत.

शु. ७
मॅनेजरची कुरकुर. जाळीनं काम खोळंबतं म्हणे. "साकु, पुरे झालं मिस्त्री, किती भिता!" भितोच. भिणाऱ्याची बोटं शाबूत राहतात.

शु. ९, आयुधपूजा
पट्टा बंद. दार उघडून रुळांना हळदकुंकू, शेवंतीचे हार. कोहळा फोडला. आमच्या घरी पूर्वी तलवारी पुजायचे, आता रूळ. दादानं सगळं मनापासून केलं. निघताना म्हटलं, हार काढून घेऊ. तर म्हणतो, "बेडा, नको! पुजलेल्या हत्याराचा हार सुकल्याशिवाय काढायचा नसतो." मॅनेजरनंही मान डोलावली. झालं.

शु. १०, दसरा
मुहूर्त हारांसकट. दारही उघडंच, आज देवीला कोंडायचं नाही म्हणून. मी नको नको म्हणत कडी लावायला धावलो, तेवढ्यात मॅनेजरनं मोटार सुरू केली. हार सुटून रुळात ओढला जायला लागला. दादानं तो वाचवायला हात घातला.
मोटार थांबवली. पण

शु. १२
म्हैसूरच्या दवाखान्यात. उजव्या हाताची दोन बोटं गेली. शुद्धीवर येताच दादाचा पहिला प्रश्न, "हार तुटला का रे?" नाही म्हणालो. बाहेर येऊन खूप रडलो. कामगार म्हणतात, जाळीत कोंडलं म्हणून देवी कोपली. वहिनींनाही तेच वाटतं बहुतेक. माझ्याशी बोलत नाहीत.

कार्तिक व. ३, शुक्रवार
दादा कामावर परतला. आल्या आल्या डाव्या हातात हार घेऊन जाळीपाशी. पट्टा चालू.
"दार उघड."
"दादा, जाळीलाच बांध. पोचेल देवीला."
"थोरला कोण आपल्यात?"
सगळा कारखाना बघत होता. जन्मात कधी दादाला नाही म्हटलेलं नाही. तरी कडीपुढून हललो नाही. तो हार घेऊन बाहेर बाकावर जाऊन बसला.
संध्याकाळी पट्टा थांबल्यावर पाहिलं. बाकावर कोणी नाही. जाळीलाही हार नाही.
वहिनींनी दादाचं ताट वाढून झाकून ठेवलंय. तो अजून घरी आलेला नाही.