चावडीवर वाचलेलं पत्र

बसरा, सप्टेंबर १९१६

प्रिय सोपान,

अनेक आशीर्वाद. माझा ताप उतरला आहे. आपल्या साळूमावशीचा गेणू जूनमध्ये इथं बोटीतून उतरला. इतक्या लांब महाळुंग्याचं माणूस दिसलं, म्हणून मला रडूच आलं.

त्यानं पहिलं विचारलं ते जेवणाचं. आपल्या अवसरीच्या चावडीवर तू माझं पत्र वाचलंस, त्यात म्हणे दोन्ही वेळा गव्हाची पोळी, मटण आणि पायात नवे बूट होते. ते ऐकूनच त्यानं भरतीत नाव दिलं. मला वाटलं, थट्टा करतोय. मग त्याच्याबरोबर आलेल्या दोघांनीही तेच सांगितलं.

सोपान, मी तसं लिहिलं नव्हतं. साहेब टपाल उघडून वाचतो, म्हणून आडून लिहिलं होतं की इथली हवा आपल्या माणसांना मानवत नाही, कुणाला पाठवू नका. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी भरतीला पोरं आणली की मामलेदार त्यांना शेजारी खुर्ची देतो, हे मला ठाऊक आहे. त्यांनी सांगितलं म्हणून तू तसं वाचलंस, की तुझं तुलाच सुचलं, एवढं मात्र कळत नाही. पाटीवर तुझा हात धरून अक्षरं मीच गिरवून घेतली होती.

ऑगस्टात तळावर पटकीची साथ आली. तिसऱ्या दिवशी गेणूचे डोळे खोल गेले. मी त्याच्या तोंडाशी वाटी धरली, तर म्हणाला, "भिमा, खोटं कशापायी लिवलंस? माज्या आयला मी एकलाच हाय."

मी तुझं नाव घेतलं नाही. म्हटलं, "चुकलं माझं."

त्यानं तोंड फिरवलं. माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तसाच गेला.

सरकारी कागद मावशीकडे पोचायला महिने लागतील. आमच्या तळावरचा जुन्नरचा वजीर एक पाय गमावून घरी निघाला आहे. हे पत्र टपालात न टाकता त्याच्याजवळ देतो आहे. त्याला ते दोनदा वाचून दाखवलं आहे. तो तुझ्यासोबत महाळुंग्याला येईल. गेणू गेल्याचं मावशीला तूच सांग, आणि मी खरं काय लिहिलं होतं तेही सांग. तू काही गाळलंस तर वजीर बोलेल. यापुढं मी घरी पत्र लिहिणार नाही. माझ्यावाचूनही तुम्हाला माझी पत्रं लिहिता येतात.

तुझाच,
भिमाजी