अर्ध्या लिटरची बाटली

आबा, तुमच्या नळीची बातमी मी छापली नाही, आणि उद्या कुणी तयार मजकूर टेबलावर आणून ठेवला तरी छापणार नाही. हे आधीच सांगून टाकते. आज दुपारी कोसाडहून एक गृहस्थ ऑफिसात आले. पिशवीतून तांब्याची वेटोळी काढून म्हणाले, "ताई, पेट्रोलची वाफ करून इंजिनात सोडतो. गाडी दुप्पट पळते." मी म्हटलं, दोनदा चाचणी घ्या, मग या. त्यांनी विचारलं, "तुम्ही घेतलीय कधी?" मी म्हटलं, घेतलीय. आणि त्यांच्या तोंडावर फाईल मिटली.

ही विद्या तुम्हाला आपल्या डिंडोलीच्या स्वयंपाकघरात सापडली होती. आई रॉकेलच्या स्टोव्हला काकडा लावून बर्नर तापवते आहे, तुम्ही पाटावर बसून बघता आहात. पिवळी ज्योत निळी होऊन घुमू लागते आणि तुम्ही मला म्हणता, "तेल जळत नही पोरी, वाफ जळस." पुढे कित्येक वर्षांनी उधन्याच्या गॅरेजात तुम्ही मोटारसायकलच्या तापलेल्या सायलेन्सरभोवती तांब्याची नळी गुंडाळलीत. टाकीतलं पेट्रोल त्या नळीतून फिरून, वाफ होऊन इंजिनात जाणार होतं. आई म्हणाली, "घरमा स्टोव्ह मी पेटाडस, आन हाऊ गाडीवर मांडस!" तुम्हीच सगळ्यांत मोठ्यानं हसलात.

मग तुम्ही माझ्या मागे लागलात. "सगळ्या गावन्या बातम्या छापस, बापनी का नही?" मी म्हटलं, तपासल्याशिवाय नाही. "मनी जबान पुरत नही का तुले?" नाही पुरत, आबा. तेव्हाही नव्हती पुरत. नळीच्या सांध्यातून पेट्रोल ठिबकताना मी पाहिलं होतं, खाली सायलेन्सर चटके देत होता, आणि तुम्ही ते थेंब सदऱ्याच्या बाहीनं पुसून मोकळे झालात. ते छापलं असतं तर कुणीतरी घरी बसून तसंच वेटोळं केलं असतं, आणि सगळ्यांकडे तुमचा हात नसतो. तुम्ही माझ्याशी दोन आठवडे बोलला नाहीत, जेवताना ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसलात. बसा. त्या निर्णयाची मला आजही लाज वाटत नाही.

शेवटी एका रविवारी तुम्हीच म्हणालात, तपास. गॅरेजवाल्यांची साधी रीत होती. टाकी रिकामी करायची, हँडलला अर्ध्या लिटरची बाटली टांगायची, तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी बंद पडेपर्यंत नवसारी रस्त्यानं चालवायची. आधी तुमची नळी न लावता मी एकटी गेले. चोवीस किलोमीटर. मग तुम्ही बाटली पुन्हा भरून मधे आपली तांब्याची नळी चढवलीत, मी पुन्हा निघाले, आणि आवाज ऐकायचाय म्हणून तुम्ही मागे बसलात. पुलाच्या चढावर इंजिन दोनदा गचकलं. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "चालू दे, चालू दे." पंचविसाव्या किलोमीटरला गाडी थांबली. तुम्हाला चाळीस हवे होते. आपण गाडी ढकलत पेट्रोल पंपापर्यंत आलो, आणि संध्याकाळी तुम्ही नळी सोडवून पान्यांच्या खणात टाकलीत. त्यानंतर कुणी गिऱ्हाइकानं विचारलं की तुम्ही सांगायचात, "मेरी बेटी ने चेक किया, कुछ फरक नहीं." जाईपर्यंत तेच सांगत राहिलात. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आता गाड्यांना कार्बोरेटर नाही, पेट्रोलचा बारीक फवारा मोजून आत जातो, तुमच्या नळीला जोडायला जागाच उरलेली नाही. तुम्ही म्हणाला असता, बघ, तेबी वाफनाच मांगे शेतस. म्हणा. एवढ्यानं तुमची नळी खरी ठरत नाही, आणि मी ती छापणार नाही.

पण आबा, त्या रविवारी गाडी थांबली आणि तुम्ही उतरलात, तेव्हा मागचे शॉकअप वर आले, माझ्याखालची सीट उचलली गेली. पहिल्या फेरीत गाडीवर माझं एकटीचं वजन होतं आणि दुसरीत आपल्या दोघांचं, हे मला त्याच क्षणी कळलं. तुम्ही बाटलीकडे बघत होतात. मी गाडी ढकलायला लागले.