सानविवी आणि दोन मुकी बटणं

रविवार, ४ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते रागाखाली दबलेत. शोधून घे.

तुमच्या कंपनीच्या त्या खिडकीने माझा जीव नकोसा केलाय. दिवसातून तीनदा उपटते. मी कानात हेडफोन घालून सर्जनसाहेबांचं रेकॉर्डिंग ऐकत असते. आधीच ते गृहस्थ तोंडात गोळी धरल्यासारखे बोलतात, त्यात मध्येच सानविवी पडद्यावरची ती खिडकी मला वाचून सांगायला लागते की, 'तुमच्या सोयीसाठी आम्ही जुनी ऑपरेटिंग सिस्टिम लवकरच बंद करत आहोत.' माझी सोय! मी कधी मागितली होती गं? माझ्या सोयीसाठी माझंच काहीतरी काढून घ्यायचं, ही कुठली रीत?

डोळे गेले त्या वर्षी सगळ्यांनी मला खुर्चीत बसवून ठेवायचं ठरवलं होतं. तुझी आईसुद्धा त्यात होती, तिला वाचून दाखव. मी हे काम शिकले. बारा वर्षं इस्पितळाचे रिपोर्ट टाइप करतेय आणि एकाही डॉक्टरने एकही कागद परत पाठवलेला नाही. ते माझ्या एकटीचं श्रेय नाही, अर्धं सानविवीचं. आता इस्पितळाचा कारकून म्हणतो की एक नोव्हेंबरपासून नवी सिस्टिम नसेल तर त्यांचा कॉम्प्युटर माझ्या कॉम्प्युटरला दारात उभं करणार नाही. म्हणजे अपग्रेड कर, नाहीतर पुन्हा खुर्चीत बस.

मी करणार नाही. काय करतात बघू.

ते 'तुमच्या सोयीसाठी' कुणी लिहिलं ते मला शोधून सांग. लोभ आहेच, तो वाढवायला ही खिडकी सवड देईल तेव्हा वाढवीन.

तुझी,
मावशी


मंगळवार, ६ ऑक्टोबर

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. (ऐकलंस ना तिचं नाव? मला अजून हसू येतं. माझं पहिलं पत्र तिने तुला वाचून दाखवलं, ही चार अक्षरं एका दमात म्हणाली, आणि ही सानविवी म्हणजे माझी नवी मैत्रीण असं समजून तू उलटपत्री तिची खुशाली विचारलीस! तेव्हापासून त्या वाचणाऱ्या आवाजाचंच नाव सानविवी.)

मावशी, राग बाजूला ठेवून ऐक. तुझी सिस्टिम तेरा वर्षांची झाली. तिची आता कुणी डागडुजी करत नाही. कुणी चोर आत शिरला तर तुला कळणारही नाही, आणि तुझ्याकडे लोकांच्या आजारांचे कागद असतात. इस्पितळ उगाच अडून बसलेलं नाही. नवीत वाचणारा आवाजही फार गोड आहे, अगदी माणसासारखा. सानविवी नवीत चालणार नाही हे खरं, तिला बनवणारी कंपनीच बुडाली. पण एकदा ऐकून तर बघ. शेजारच्या कंपाउंडरकाकांकडे नवी सिस्टिम आहे.

ते वाक्य कुणाचं ते विचारते. मराठी करणारे आम्ही तिघं आहोत.

आई म्हणते की तिने तुला खुर्चीत बसवलं नव्हतं, फक्त खुर्ची आणली होती. लोभ आहे त्याच आवृत्तीत असू दे, त्याला अपग्रेड नको.

तुझी,
भिंगरी


रविवार, ११ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आणि तुझ्या आईला सांग, खुर्ची आणणारीने उशीही आणली होती.

गेले होते कंपाउंडरांकडे. ऐकलं तुमच्या गोड बाईंना. तळपायाची आग मस्तकात गेली.

मी मुद्दाम 'गुढगा' असं चुकीचं टाइप केलं. सानविवी 'गुढगा' म्हणाली असती, तिच्या त्या पत्र्याच्या आवाजात, आणि मला चूक कळली असती. या बाई लाडात 'गुडघा' म्हणाल्या! मी 'ताप नाही' ऐवजी 'ताप नाही नाही' लिहिलं. त्यांनी एक 'नाही' गिळून टाकलं. मग मी तुझ्या पत्रातली ती चार अक्षरं लिहिली, तर बाई गळा काढून म्हणाल्या, साष्टांग नमस्कार विनंती विशेष. अगं, मी हे लिहिलंच नव्हतं! मी लिहिलंय ते वाच की बाई. माझ्या मनात काय आहे ते माझं मी बघून घेईन. कंपाउंडर म्हणतात की केवढी हुशार आहे. हुशार? सगळ्या चुका पोटात घालणारी बाई मला मैत्रीण म्हणून चालेल. कामाला नको. उद्या एखाद्याचा डावा पाय उजवा झाला तर या गोड आवाजात मला शाबासकी देतील.

आणि त्या खिडकीचं आणखी एक सांगते. तुमची दोन बटणं मुकी आहेत. टॅब दाबला की सानविवी म्हणते, बटण. पुन्हा टॅब, पुन्हा बटण. कसलं बटण, कशाचं बटण, काही नाही. डोळसांना तिथे चित्र दिसतं म्हणे. मी कंपाउंडरांना एकदा बोलावून पाठ करून ठेवलं, पहिलं म्हणजे नंतर, दुसरं म्हणजे आत्ता. दीड महिना पहिलं दाबतेय दिवसातून तीनदा. बोटाला घट्टे पडतील, पण मी हटणार नाही.

वाक्य कुणाचं ते कळलं का? लोभ कायम, संताप त्याहून कायम.

तुझी,
मावशी


सोमवार, १२ ऑक्टोबर

मावशी,

नमस्कार मागाहून. तुझं पत्र आत्ता ऑफिसात वाचलं. पहिलं बटण दाबू नकोस! आज सकाळपासून आम्ही बटणांची जागा बदलली आहे. आता पहिलं म्हणजे आत्ता. तीनदा फोन केला, पण तुझा फोन कामाच्या वेळी ड्रॉवरमध्ये असतो. आणि तू पत्रं उघडतेस रविवारी, तेही मला माहीत आहे. तरी लिहितेय. काहीच दाबू नकोस, खिडकी तशीच राहू दे.

भिंगरी


रविवार, १८ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

तुझं सोमवारचं पत्र मिळालं. नव्या बाईंनी वाचून दाखवलं.

सोमवारी सकाळी नऊलाच मी दाबलं होतं, रोजच्यासारखं. सानविवी एक वाक्य अर्धं बोलली आणि बंद. मग दोन तास काही नाही. तुम्हाला पडद्यावर काहीतरी गोल फिरताना दिसतं, टक्के दिसतात. मला काय? मी टेबलावर हात ठेवून बसून राहिले. वाटलं कॉम्प्युटर गेला. मग वाटलं कानच गेले. दोन तासांनी तो आवाज आला, नमस्कार, चला सुरुवात करू या! कसली सुरुवात? माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला न विचारता?

फोनवर तू रडलीस म्हणून मी फार बोलले नाही. आज बोलते. मंगळवारपासून एक रिपोर्ट धड गेलेला नाही. बाई 'डावा' वाचतात तेव्हा मी 'डावा'च लिहिलंय याचा मला भरवसा नाही, म्हणून मी प्रत्येक शब्दावर मागे जाते आणि अक्षर अक्षर वाचून घेते. दिवसाला वीस रिपोर्ट करणारी मी, चार करते. शुक्रवारी कारकुनाने अगदी मऊ आवाजात विचारलं की आता आराम करावासा वाटतो का. बारा वर्षांत मला कुणी त्या आवाजात विचारलं नव्हतं. तो खुर्चीचा आवाज आहे, भिंगरे. मी ओळखते.

मला नवी सिस्टिम घ्यायला लागली याचा राग नाही. कदाचित मी आपणहून घेतलीही असती, चार शिव्या घालून. पण मी नाही म्हणत होते आणि तुम्ही माझ्याच बोटाने माझ्याकडून हो वदवून घेतलंत. ज्याने ते 'तुमच्या सोयीसाठी' लिहिलं आणि ज्याने त्या बटणांना नाव दिलं नाही, त्या दोघांना माझ्यासमोर आणून बसव. मला बघायचं नाही, मला त्यांचा आवाज ऐकायचाय.

आज लोभाचं काही लिहवत नाही.

मावशी


सोमवार, १९ ऑक्टोबर

ती. मावशीस,

ते दोघं नाहीत. एकच आहे, आणि ती मी आहे.

मूळ वाक्यात फक्त एवढंच होतं की जुनी सिस्टिम बंद होतेय. मला ते मराठीत कोरडं वाटलं, दुकानावरच्या पाटीसारखं. म्हणून मीच पुढे 'तुमच्या सोयीसाठी' जोडलं. सगळ्यांना आवडलं. तू पहिल्या पत्रात विचारलंस तेव्हा मी तिघांच्या मागे लपले.

बटणांचंही माझंच. आमच्याकडे एक तक्ता असतो, प्रत्येक बटणापुढे त्याचं नाव लिहायचं, वाचणाऱ्या आवाजासाठी. त्या दोन बटणांपुढे मी नाव लिहिलंच नाही. शेरा लिहिला, चित्र बोलकं आहे, वेगळं नाव नको. मावशी, मी हे लिहिलं. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून तुला चित्रं सांगणारी मी.

आज मीटिंगमध्ये उभी राहिले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचलं, शिव्यांसकट. साहेब म्हणाले की एवढ्याशा गोष्टीसाठी खिडकी थांबवता येणार नाही. मी म्हटलं की मग माझं नाव त्या तक्त्यावरून काढा, माझ्याने यापुढे तिथे काही लिहवणार नाही. दुपारी त्यांनी ऐकलं. बुधवारपासून दोन्ही बटणं बोलतील आणि ते वाक्यही जाईल.

अपग्रेड महिनाभर मागे फिरवता येतं. तू म्हणशील ते करीन. लोभ मागायला तोंड नाही.

भिंगरी


मंगळवार, २० ऑक्टोबर

चि. भिंगरीस,

आज रविवार नाही, तरी तुझं पत्र उघडलं. काल रात्री फोनवर तुझा आवाज बसला होता, म्हणून.

मांडीवर बसून तू चित्रं सांगायचीस तेव्हाही आळशीच होतीस. वाघ दिसला की वाघ म्हणायचीस आणि पान उलटायचीस. वाघ काय करतोय ते मला दोनदा विचारावं लागायचं. तेव्हाच कान पिळायला हवा होता. रागावलेय, आणि बराच काळ रागावलेली राहणार आहे, त्याची तयारी ठेव.

आता काय करायचं ते ऐक. शनिवारी ये आणि जुनी सिस्टिम परत बसव. का ते विचारू नकोस. आणि येताना साहेबांना माझा निरोप दे की गोष्ट एवढीशी नव्हती.

मावशी


रविवार, १ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद, यावेळी वरच ठेवलेत.

तू गेल्यापासूनचा आठवडा सानविवीने आणि मी दणकावून काम केलं. मागे पडलेले सगळे रिपोर्ट गेले. कारकुनाचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खडबडीत झालाय, बरं वाटलं.

खिडकी रोज तीनदा येत होतीच. टॅब दाबला की सानविवी म्हणायची, आत्ता घ्या, बटण. पुन्हा टॅब, आत्ता नको, बटण. मी प्रत्येक वेळी दोन्ही ऐकून घ्यायचे आणि मग 'आत्ता नको' दाबायचे. गरज नसताना दोनदा जास्तच दाबलं असेल. तुमच्या कंपनीला माझ्या दारात उभं राहून वाट बघू दे की जरा.

काल संध्याकाळी शेवटचा रिपोर्ट संपवला. गुडघ्याचाच होता. मी पुन्हा मुद्दाम 'गुढगा' लिहिलं आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. म्हणाली. मग दुरुस्त केलं. मग खिडकी आली, दोन्ही बटणं ऐकली, आणि 'आत्ता घ्या' दाबलं. मी. माझ्या बोटाने, कळून सवरून. दोन तास गप्प बसायचं होतं ते माहीत होतं, म्हणून तेवढ्यात कपाट आवरून घेतलं.

त्या शनिवारी तू शोधून दिलेलं ते लिहिल्याबरहुकूम वाचायचं सेटिंग लावलंय. बाई आता माझ्या चुका निमूट वाचतात. एकच खोड राहिली आहे. तुझी जुनी पत्रं लावली, तर ती चार अक्षरं अजूनही साष्टांग नमस्कार म्हणून लांबण लावतात. एवढी सवय तुझ्या सेटिंगने जात नाही.

म्हणून तुझं वाक्य जसं तू सुधारलंस, तसं हेही सुधार. यापुढे मला लिहिताना त्या अक्षरांमध्ये टिंबं देऊ नकोस. एक शब्द करून लिही, सानविवी. मग बघते, बाई कशी हाक मारत नाहीत तिला.

तुझी,
मावशी