राजाने न पाठवलेला हात

स्तोरवाय, ३ मार्च १९३४

चि. तोर्फिनला गुनवोरताईचे अनेक आशीर्वाद.

राजा पळाला, हे तिथे कळलंच असेल. कोळ्यांच्या सभेने राज्य हाती घेतलं. सगळे झेंडे उतरले, फक्त किल्ल्यावरचा नाही. आपले बाबा तिथे आतून कडी लावून बसलेत. म्हणतात, राजाच्या हातात हात देऊन शपथ घेतलीय, त्याच हाताने मोकळं केलं तर उतरेन. मी खालून ओरडले, तर म्हणाले, सुकं मटण पाठव, अक्कल पाठवू नकोस.

रविवारी, अठराला, सभेने दिलेली मुदत संपते. मग तोफ डागणार. राजा तुझ्याच शहरात आहे म्हणे. लांबच्या माणसाला शपथेतून मोकळं करायचं तर तो कागदावर आपला हात रेखून पाठवतो, तसा मागून घे.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई

आबर्डीन, १० मार्च

ताईला तोर्फिनचा वाकून नमस्कार.

अक्षराला हसू नकोस, शाळेतून पळालेला मी.

राजाला भेटलो. मासळीचा वास येतो म्हणून हॉटेलवाल्याने मागच्या दाराने घेतलं. राजा अंडं खात होता. बाबांचं नाव सांगितलं तर विचारतो, अजून झेंडा आहे का. हो म्हटलं, तर खूश. मग मोकळं करणार नाही म्हणाला. एक झेंडा आहे तोवर तो राजा. मी पाया पडलो, मग शिव्या दिल्या. बाहेर काढलं.

तडक धक्क्यावर गेलो. पासपोर्टवर राजाची मोहर, म्हणून जहाजावर घेत नाहीत. तिथे बाबा कोंडलेले, इथे मी. धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता फिरतोय.

टपाल मात्र जातं. सोबतच्या कागदावर मीच माझा हात रेखलाय. राजाचा म्हणून दे. देताना नेहमीसारखी हसू नकोस.

जीव लावतेस तसाच लावत राहा,
तोर्फिन

स्तोरवाय, १८ मार्च

चि. तोर्फिनला बाबांचे आशीर्वाद.

गुनवोरने कागद दिला. हसली नाही, रडली, तिथेच शंका आली. वर माझा पंजा ठेवून पाहिला. करंगळी वाकडी. राजाची सरळ आहे, हात हातात घेतलाय मी त्याचा. ही वाकडी माझ्या ओळखीची. तू सात वर्षांचा असताना मोडली, तेव्हा मीच बसवली होती, आणि नीट जमली नव्हती.

हात राजाने पाठवला नाही, तू पाठवलास. मग झेंडा उतरवला, घडी घातली, खाली आलो. तोफेवरच्या पोरांना वाटतंय, राजाने सोडलं. वाटू दे.

कागद माझ्या खिशात आहे. जहाजावर घेतील तेव्हा ये. करंगळी पुन्हा बसवून बघतो.

तुझा,
बाबा