तळहात खाली आलाच नाही

प्रिय धडपड्या,

अक्षर तुझ्या आईचं आहे, बोल माझे. मी सांगेन तेच लिहायचं, मध्ये स्वतःचं शहाणपण घालायचं नाही, असं तिला आधीच बजावलंय. तिने नाक मुरडलं. म्हटलं, तेही लिही.

तुझा सिनेमा पाहिला. तुझी आई आली नाही. पोटच्या पोराला पडताना बघायला तिकीट कशाला काढू, म्हणाली. मग तुझ्या काकाला धरून नेलं. अरे, त्या गुप्तहेराला झालंय तरी काय? आमच्या वेळच्या सिनेमांत तो गच्चीवरून उडी मारायचा आणि खाली आला की आधी भांग नीट करायचा. स्टुडिओच्या कपड्यांच्या खोलीत त्याच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करता करता माझे केस पांढरे झाले, पण त्या कोटावर पडद्यावर कधी सुरकुती दिसली नाही. हा नवा बघावा तर दाढी वाढलेली, डोळा सुजलेला, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच एक मळका सदरा. एवढं मोठं सरकार, याला हेरगिरीला पाठवतं आणि दुसरा सदरा देता येत नाही? अंधार तर इतका, की मला वाटलं मोतीबिंदू परत आला. काका म्हणाला, आता सगळं खरंखुरं दाखवतात. म्हटलं, खरंखुरं मी घरी फुकट बघते की.

थकले रे मी. वयाने नाही, पडणाऱ्या माणसांच्या घरात राहून थकले. त्या पांढऱ्या कोटाच्या आत तुझे आजोबा असायचे. हिरो सावलीत बसून सरबत प्यायचा आणि हे त्याच्या जागी जिन्यावरून गडगडत यायचे. मी कोटाच्या आतून कापसाच्या गाद्या शिवून द्यायचे आणि सेटच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. आमचं ठरलेलं होतं. पडून झालं की उठायच्या आधी त्यांनी जमिनीवर दोनदा तळहात आपटायचा. म्हणजे मी ठीक आहे, तू जा कामाला. पडद्यावर ते कधीच दिसलं नाही, त्याच्या आधीच कापून टाकायचे. तू रांगायला लागलास तेव्हा त्यांनी तुलाही ते शिकवलं. खाटेवरून पडलास की आधी दोनदा हात आपटायचास आणि मग भोकाड पसरायचास. हसून हसून पुरेवाट व्हायची आमची. पुढे त्यांची पाठ वाकेनाशी झाली. मोजे मी घालून द्यायचे, आणि ते भिंतीकडे बघत बसायचे.

तुझंही हल्ली बरंच काही माझ्या ध्यानात येतंय. सिनेमा पुरा होऊन कितीतरी महिने झाले, घरी फिरकला नाहीस. व्हिडिओवर बोलतोस ते नेहमी आडवा पडून. दमलोय म्हणतोस, तुझ्या आईला ते पटतं. परवा फोन तुझ्या हातातून निसटला आणि आम्हाला बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं. उचलायला दुसरंच कोणी आलं. वर म्हणालास, पुढच्या भागाच्या कागदांवर आता सही करायची आहे, त्यात याहून मोठी उडी आहे.

सिनेमात तो दगडी जिना आला. तोंड दिसत नव्हतं, पण पाठ तुझी. न्हाऊ घातलीय मी ती. पालथा पडलास. आणि या नव्या दिग्दर्शकाने पुढचं कापलंच नाही, फारच खरं दिसलं असेल त्याला. मी तुझ्या हाताकडे बघत होते. बोटं हलली. तळहात थोडा वर उचललास. तो खाली आलाच नाही.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. फोनवर सांगितलं असतं तर तू हसून उडवून लावलं असतंस. आणि तुझ्या आईच्या तोंडावर हे बोलायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून तिलाच लिहायला बसवलं. एकेक शब्द तिच्या हातून उतरेल, तेवढाच तिला सावरायला वेळ. लिही गं, थांबू नकोस. बघ, थांबलीच. सही करू नकोस एवढं सांगून मी आवरणार होते, पण आता माझ्या बोलण्याला कोण विचारतंय? मघाशी बजावलेलं मी मागे घेते. घाल बाई तुझं शहाणपण.

तुझीच, कोटात कापूस भरणारी
आजी

ता. क. हे माझं. सकाळच्या पहिल्या गाडीने निघते आहे. पत्र माझ्याच हाताने आणून देईन. फोनवर आत्ताच सांगते: किल्ली आजच शेजाऱ्यांकडे देऊन ठेव. बेल वाजली तरी उठून दार उघडायला येऊ नकोस.
आई