कोरा ट्रे

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

ट्रे अजून कोराच आहे. सकाळपासून आमच्या सशाने, चिंगूने, एकही लेंडी टाकलेली नाही. कोथिंबीरही हुंगून सोडली. जनावरांचे डॉक्टर माढ्याहून निघालेत, दवाखान्यात पोचलो की लगेच घेऊन या म्हणाले. ससा लेंड्या टाकायचा थांबला की धोका असतो म्हणे. किती धोका, हे विचारायचा धीर झाला नाही.

कापूस मीच पसरला ना. ह्यांनी एमआयडीसीतून, टॉवेलच्या मागांखाली साठतो तो, पिशवीभर आणला होता. मऊ आहे, ओल धरतो, म्हणून कागदाऐवजी तोच ट्रेमध्ये घातला. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून गवतही त्यावरच ठेवायचे. तसाच तर तो ट्रेमध्ये बसायला शिकला. गवताबरोबर कापूसही खात असेल, हे डोक्यातच आलं नाही. दुपारी त्याच्या तोंडातून टॉवेलचा दोरा लोंबताना दिसला, तेव्हा कळलं. सगळा कापूस काढून टाकला. पण पोटातला?

घरभर लेंड्या झाडून कंबर गेली म्हणून सासूबाई रोज ओरडायच्या, म्हणून तर त्याला ट्रे शिकवला. आज त्याच बॅटरी घेऊन खाटेखाली वाकल्या. "हितं तरी टाकली असंल की." नव्हती.

मग त्यांनी त्याला उचलून स्वतःच्या गादीवर, धुतलेल्या चादरीवर ठेवलं. "कर बाळा, हितंच कर. कोण न्हाय वरडत."

चिंगू थोडा वेळ तसाच बसला. मग हळूहळू खाली उतरला आणि शिकवल्याप्रमाणे कोऱ्या ट्रेमध्ये जाऊन बसला.