यवतमाळची सहा कुलुपं

हैदराबाद, जानेवारी, रविवार संध्याकाळ

वणी की यवतमाळ, दिवसभर हेच चालू आहे डोक्यात. भाड्यानं द्यायची चाळ घ्याची आहे, अन् आठ वर्षं क्रेन चालवून जमवलं ते एकदाच लावता येईल. वणीत कोळशाच्या ट्रकवाल्यांनी भरलेली चाळ आहे, यवतमाळले कॉलेजमागं सहा खोल्यांची. दोन्ही दिवाळीत पाहून आलो. यवतमाळच्या सहाही दारांले कुलुपं होती, म्हणून वणीच्या दलालाले परवा इसार देतो म्हणून बसलो. पण कुलुपं डोक्यातून जात नाहीत. सहाही वेगवेगळी होती. खोल्या रिकाम्या असत्या तर मालकानं एकसारखी नसती का लावली?

शेवटी बहिणीले फोन केला. ती यवतमाळलेच नर्सिंग शिकते, भाड्याच्या खोलीत राहते.

"दादा, तू दिवाळीत आलता. पोरं आपापल्या गावाले गेलते. मी तरी रूमवर होती का? घरी तुह्यासाठी चकल्या तळून राह्यलती."

"मग वणी काहून भरली होती?"

"कोळसा दिवाळीले बंद असते का? तू पाहुण्यासारखा येतं, अन् चाळ घ्याले निघाला."

ती हसली, मले लागलं. खरंच, आठ वर्षांत मी यवतमाळ दिवाळीशिवाय पाहिलंच नाही. अन् वणीत खाण बंद पडली तर ट्रकवाले राहतील का, हेही कोणाले विचारलं नाही.

दलालाले थांब म्हटलं. चिडला. उद्या सुपरवायझरले दोन्ही चाळी पुन्हा पाहाले चार दिवस सुट्टी मागतो. कोणता सण आहे, म्हणेल. कोणताच नाही, म्हणून सांगायचं.